आठव्या महिन्यात गाव बदललं आणि फाईल मागे राहिली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या जुलैत नवऱ्याची बदली नाशिकहून सांगलीला झाली तेव्हा मला चौतिसावा आठवडा चालू होता. सगळे म्हणाले कशाला धडपडतेस, सरळ माहेरी जा. माहेर लातूरला, आई नुकतीच गुडघ्याच्या ऑपरेशनमधून उठलेली, सासूबाई हयात नाहीत, त्यामुळे आम्ही ठरवलं जिथं आपण दोघं तिथंच बाळंतपण. सामान टेम्पोत आणि आम्ही गाडीत, नाशिकच्या डॉक्टर मॅडमची परवानगी काढून, दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करत, सीटबेल्ट पोटाच्या खालून घेऊन कसेबसे पोचलो. विश्रामबागेत भाड्याचं घर मिळालं, गॅस दुसऱ्या दिवशी सुरू झाला, वायफाय चौथ्या दिवशी, पण दवाखाना ठरायला बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांबद्दल लिहायचंय, कारण पाऊस परत तोंडावर आलाय आणि बदल्यांचा सीझनही हाच.

नाशिकला जिथं नाव घातलं होतं तिथं पेशंटची फाईल त्यांच्याच कपाटात राहायची. आपल्या हातात फक्त लॅबचे रिपोर्ट आणि सोनोग्राफीचे कागद. निघायच्या आधी फाईल मागितली तर काउंटरवरची मुलगी म्हणाली डिलिव्हरी आमच्याकडे नाही ना मग फाईल कशाला, आणि मॅडम नेमक्या बाहेरगावी. नवरा म्हणाला जाऊ दे नंतर व्हॉट्सॲपवर मागवू. ते नंतर काही आलंच नाही, फोन केला की उद्या, उद्या केला की संध्याकाळी.

इथं आल्यावर पहिल्या दवाखान्यात सांगितलं की आम्ही सातव्या महिन्यानंतर नवीन केस घेत नाही. मी विचारलं मग आठव्या महिन्यातल्या बाईनं काय करायचं, तर समोरच्या बाईंनी नुसतं हसून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. दुसऱ्या ठिकाणी घेतलं पण जुनं काहीच नाही म्हणून सगळ्या तपासण्या पहिल्यापासून केल्या, रक्त, लघवी, शुगर, सोनोग्राफी, सोनोग्राफीला परत आधार कार्ड आणि तो मोठा फॉर्म, बरं आधारवर पत्ता नाशिकचा त्यामुळे त्यावरही पाच मिनिटं चर्चा.

आणि तिथं खरा घोळ झाला. माझा ब्लड ग्रुप ओ निगेटिव्ह आणि नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. अशी जोडी असली आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात, त्याचा त्रास जास्त करून पुढच्या बाळंतपणाला होतो, म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन देतात आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत परत देतात. पहिलं इंजेक्शन मला नाशिकला दिलं होतं. पण त्याची नोंद कुठं तर त्या कपाटातल्या फाईलमध्ये. इथल्या डॉक्टरांनी अँटीबॉडीची टेस्ट केली आणि ती पॉझिटिव्ह आली. ते म्हणाले इंजेक्शन घेतलेलं असेल तर त्याच्यामुळंही काही आठवडे टेस्ट अशी येऊ शकते, पण घेतलेलं नसेल तर मग विषय वेगळा, बाळाकडे फार बारकाईनं बघावं लागेल. कधी घेतलं, किती डोस घेतला, कागद आहे का. मी म्हटलं घेतलंय. ते म्हणाले ताई तुमच्यावर विश्वास आहे पण मला तारीख लागेल.

त्या रात्री आम्ही खोकी उघडायला बसलो. पॅकर्सवाल्यांनी ड्रॉवरच्या ड्रॉवर खोक्यात उपडे केले होते आणि वर मार्करनं लिहिलं होतं किचन. तीन खोक्यांवर किचन. मी पलंगावर बसून सूचना देतेय आणि नवरा फरशीवर मांडी घालून गॅसचं पुस्तक, लाटणं, वॉशिंग मशीनची वॉरंटी, लग्नपत्रिका एकेक बाहेर काढतोय. साडेअकराला मसाल्याच्या डब्याखाली मेडिकलचं बिल सापडलं, हळदीचा डाग पडलेलं. अँटी-डी, ३०० मायक्रोग्रॅम, १ नग, बॅच नंबर आणि तारीख. इंजेक्शन आपणच मेडिकलमधून आणून द्यायचं असतं म्हणून ते बिल होतं, दवाखान्यानंच दिलं असतं तर तेही नसतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तारीख बघितली, अँटीबॉडीचं प्रमाणही कमी आलं होतं, मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला, तरी महिनाभर लक्ष ठेवलंच. एका पिवळ्या बिलावर आमचं सगळं अडलं होतं.

नंतर कळलं की रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं हे डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांतच आहे. मला हे माहीत असतं तर काउंटरवरून हलले नसते. आता लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या असं मी सगळ्यांना सांगत असते, लोक वैतागतात.

आणि हा फक्त बदलीवाल्यांचा प्रश्न नाही हो. आपल्याकडं सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की मुलगी माहेरी येते, म्हणजे पुण्या-मुंबईतनं शेकडो पोरी दरवर्षी ऐन शेवटी दवाखाना बदलतात, पण त्याला कोणी दवाखाना बदलणं म्हणत नाही, माहेरपण म्हणतात. डोहाळजेवणाचे फोटो पाचशे आणि फाईलचा एकही नाही. साडीबरोबर बॅगेत ती फाईल पण भरा एवढं कोणीतरी आजीनं सांगायला पाहिजे.

दवाखाना कसा निवडायचा ते मला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी शिकवलं. मी गुगलचे स्टार बघत बसलेले, काकू भडंगाचा वाडगा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर किती शिकल्यात ते पाटीवर लिवलेलं असतंय गं, रात्री दोनला तिथं कोण असतंय ते पाटीवर नसतंय. रात्री फोन लावून बघ." आम्ही खरंच लावला. तीन ठिकाणी. एका ठिकाणी रिंग वाजून वाजून बंद. दुसरीकडं वॉचमननं उचलला, म्हणाला सकाळी दहाला या. तिसरीकडं एका सिस्टरनी दोन रिंगमध्ये उचलला आणि आम्ही काही बोलायच्या आत विचारलं कितवा महिना, पाणी गेलंय का, रक्त जातंय का, बाळ हलतंय का. नवऱ्याची एवढी पंचाईत झाली की तो म्हणाला नाही नाही सगळं ठीक आहे, फक्त चौकशी. ती म्हणाली ठीक आहे, यातलं काही झालं तर फोन करत बसू नका, सरळ या. रात्रीच्या वेळी त्यांना उगाच त्रास दिला याचं वाईट वाटलं, पण दवाखाना तिथंच ठरला. नंतर त्या सिस्टरना पेढे देताना कबूल पण केलं.

मग प्रत्यक्ष जाऊन विचारलं. भूल देणारे डॉक्टर तिथंच असतात की बोलावल्यावर येतात, आणि येतात तर कुठून, किती मिनिटांत. बाळाचे डॉक्टर. काचेच्या पेटीची सोय तिथंच आहे का बाळाला दुसरीकडं हलवायला लागतं, कारण हलवायचं म्हटलं की बाप बाळाबरोबर आणि आई इथं एकटी. आमचे डॉक्टर सुट्टीवर गेले तर त्यांच्या जागी कोण. ओ निगेटिव्ह रक्त लागलं तर कुठनं आणणार हे विचारलं तेव्हा डॉक्टरांनी स्वतः ब्लड बँकेला फोन लावून विचारून ठेवलं, हे मला फार आवडलं.

सांगलीत अजून एक प्रश्न विचारावा लागतो जो नाशिकला माझ्या डोक्यात आला नसता. दवाखाना पाण्याच्या कुठल्या बाजूला आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, गावभाग, मारुती चौक, टिळक चौक सगळं पाण्यात. नदीपलीकडच्या सांगलवाडीत राहणाऱ्या बाईचा दवाखाना पुलाच्या अलीकडं असेल तर ऑगस्टमध्ये तिनं काय करायचं? आमचं विश्रामबाग उंचावर आणि मिरजेला जायला मध्ये नदी आडवी येत नाही, तरी मी रोज सकाळी पेपरात आधी पाण्याचा आकडा बघायचे आणि मग बाकीच्या बातम्या. घर नदीकाठी असेल तर नववा लागला की वरच्या भागात नातेवाईकांकडं येऊन राहिलेलं बरं, असं काकूंचं मत, आणि त्यांनी २००५ चा पूर पण बघितलाय.

पैशांचं थोडक्यात. २०२१ पासून राज्यातल्या खासगी दवाखान्यांनी दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे, मी बघितलेल्यांपैकी एका ठिकाणी होती, तीही फिश टँकच्या मागं. पॅकेज सांगतात त्यात बाळाच्या डॉक्टरांची फी धरलीय का ते विचारा, बहुतेक नसते. आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट व्हायला पिवळं रेशनकार्ड लागतं हा समज आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचा आहे, तो चुकीचा आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी ठिकाणी येणाऱ्या कुठल्याही बाईला बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरनं न्यायची-आणायची गाडी मोफत आहे. सिव्हिल नाहीतर मिरजेचं मेडिकल कॉलेज आपल्या जवळ आहे हे मनात पक्कं असलं की अर्धी भीती तिथंच जाते. मी खासगीत गेले तरी आमच्या भागातल्या आशाताईंकडून माता-बाल कार्ड करून घेतलं. आशाताई मला सापडल्या नाहीत हं, काकूंनी शोधून आणल्या, भाड्याच्या फ्लॅटमध्ये आठव्या महिन्यात कोण येऊन राहिलंय हे त्यांना तरी कसं कळणार.

आता संपादक साहेब, तुमच्यामार्फत दोनच मागण्या. एक, सातवा संपला की दवाखान्यानं प्रत्येक बाईच्या हातात एक पान द्यावं, ब्लड ग्रुप, अँटी-डीची तारीख, हिमोग्लोबिन, बीपी, शुगर, प्रसूतीची तारीख, आधीचं ऑपरेशन, कशाची ॲलर्जी. एकच पान, मागायला न लावता. दोन, महापालिकेनं पावसाळ्याच्या आधी पुराची यादी काढते तशी बाळंतपणाच्या दवाखान्यांचीही काढावी, रात्री डॉक्टर कुठं हजर असतात, काचेची पेटी कुठं आहे, आणि पाणी ४५ वर गेलं की कुठल्या भागातल्या बाईनं कुठल्या रस्त्यानं कुठं जायचं. सांगली, मिरज, कुपवाड तिन्हीकडची. तुम्ही पाण्याचा आकडा रोज छापता, त्याच्या शेजारी छापायला जागा निघेल.

एवढी रात्रीची चौकशी करून आमची कन्या झाली दुपारी सव्वाबाराला, नॉर्मल, बी पॉझिटिव्ह. दुसरं अँटी-डी संध्याकाळी दिलं आणि यावेळी मी सिस्टरना रिकाम्या खोक्यावरचं लेबल कापून मागितलं, ते फाईलला स्टेपल केलंय. फाईल माझ्याकडे आहे.

काल काकू परत आल्या होत्या. त्यांच्या भाचीला आठवा लागलाय, पुढच्या रविवारी ठाण्याहून येतेय, आणि तिची फाईल तिकडच्या दवाखान्यातच आहे. पोरगी झोपल्यावर रात्री अकराला त्यांनी मला फोन लावायला बसवलं.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली