लेकीच्या टेबलावरच्या तीन बाटल्या

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्याकडून परत आल्यापासून तुझ्या कॉम्प्युटरमागच्या त्या तीन बाटल्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी त्या उचलून वाचल्या. न विचारता हात लावला याचा राग येईल तुला, येऊ दे. उभं आयुष्य मुद्रितशोधनात गेलं, बारीक अक्षर समोर आलं की माझ्याच्याने वाचल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या बाटलीतल्या एका गोळीत २०० मिलिग्रॅम कॅफिन आणि तेवढंच एल-थिअनिन, म्हणजे चहाच्या पानात असतो तो एक घटक, आहे. दुसरीवर पुढे ठसठशीत 'फोकस' आणि मागे 'प्रोप्रायटरी ब्लेंड, ८५० मिलिग्रॅम', म्हणजे कंपनीचं स्वतःचं मिश्रण. त्याखाली नऊ नावं. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), ब्राह्मी, ग्वाराना आणि आणखी सहा. नऊ जिनसा मिळून ८५०, पण कुठली किती, याचा पत्ता नाही. ग्वाराना हे एक बी असतं आणि त्यात कॉफीच्या बीपेक्षाही जास्त कॅफिन असतं. म्हणजे दोन बाटल्यांतून कॅफिन पोटात जातंय आणि दुसरीतलं किती ते तुला ठाऊकच नाही. वर दिवसाच्या तीन कॉफ्या आहेतच.

जरा हिशेब मांडून बघ. कपाला साधारण ९० ते १०० मिलिग्रॅम धरलं तर तीन कपांचे जवळजवळ ३००. गोळीचे २००. झाले ५००, ग्वाराना सोडून. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली धडधाकट माणसासाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० ही मर्यादा सांगितली आहे. आणि तू ती गोळी संध्याकाळी सहाला घेतेस. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री अकराला १०० उरलं, पहाटे चारला ५०. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा वेळ जवळजवळ दुप्पट होतो, हेही लक्षात ठेव. मग तू म्हणतेस, आई, अंथरुणावर पडते पण झोप लागत नाही, सकाळी डोकं जड असतं. सकाळी जड म्हणून कॉफी, संध्याकाळी उतरलं म्हणून गोळी.

आता एक गोष्ट सांगते, ती आजवर तुला सांगितलेली नाही. तू दोन वर्षांची होतीस आणि मी एका वर्तमानपत्रात रात्रपाळीला होते. दिवसा तू झोपू द्यायची नाहीस, त्यामुळे तुकड्यातुकड्याने चार-पाच तास झोप व्हायची. कुणीतरी जागं राहायच्या गोळ्या दिल्या, त्याही कॅफिनच्याच. पहिल्या आठवड्यात वाटलं, हे आधी का नाही कळलं! पान समोर आलं की अक्षरं कशी लख्ख दिसायची. मी भराभर पानं तपासून छपाईला सोडत होते. अशाच एका रात्री श्रद्धांजलीच्या चौकटीत वारलेल्या माणसाच्या नावाच्या जागी त्याच्या मुलाचं नाव गेलं. त्या पानावर माझी सही होती. तो मुलगा दुसऱ्या दिवशी कार्यालयात आला, काही बोलला नाही, फक्त अंक उघडून माझ्या टेबलावर ठेवला आणि उभा राहिला.

मला आजही बोचतं ते हे, की त्या रात्री मला झोप आलेली नव्हती. डोळ्यावर जराही पेंग नव्हती. मी ती चौकट दोनदा वाचली होती.

असं का झालं ते मला फार उशिरा समजलं. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे झोप येते. कॅफिन फक्त त्याच्या जागा अडवून बसतं. साठा होतच राहतो, आपल्याला जाणवत नाही इतकंच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली काही लोकांना दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. दोन आठवड्यांनी चाचण्यांत त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली होती. पण विचारलं तर ते म्हणायचे, थोडी झोप येतेय, बाकी ठीक. सोनू, तू फोनवर अगदी हेच म्हणतेस. 'बाकी ठीक.'

त्या बाटल्यांमधलं सगळंच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. थिअनिन कॅफिनबरोबर घेतल्यावर लक्ष थोडं बरं टिकतं असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. ब्राह्मीचे बरेचसे अभ्यास तीन-तीन महिन्यांचे आहेत, आज घेतली आणि दुपारच्या मीटिंगला उपयोग झाला असं ते औषध नाही, आणि पुष्कळांचं पोट बिघडतं. जिंकोवर अमेरिकेत तीन हजारांहून जास्त वयस्कांवर कित्येक वर्षं मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये निष्कर्ष आले. स्मृतिभ्रंश टळला नाही. उलट रक्त पातळ करायच्या औषधांबरोबर घेतलं तर रक्तस्राव होण्याची भीती. तुझी डोकेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन घ्यायची सवय मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि तुझा तो ऑफिसातला सहकारी तुला देऊ करतो ती अर्धी गोळी. मोडाफिनिल. ते पूरक बिरक नाही, झोपेच्या आजारावरचं डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे. त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे त्या सहकाऱ्याने सांगितलं का तुला? २०२३ साली एक अभ्यास आला. निरोगी लोकांना ही आणि अशीच आणखी दोन औषधं देऊन अवघड कोडी घातली: ठरावीक वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू कशा बसवाल? औषध घेतलेल्यांनी खटपट जास्त केली, वेळ जास्त घालवला, पण कामाचा दर्जा घसरला. वाचताना मला माझी भराभर सोडलेली पानं आठवली.

मला आधी वेगळंच जाणून घ्यायचंय. तुझं लक्ष लागत नाही ते का? तू मांसाहार सोडून चार वर्षं झाली आणि बी-१२ एकदाही तपासलेलं नाहीस. ते कमी झालं की थकवा येतो, विसरायला होतं, हातापायाला मुंग्या येतात. पाळीचा त्रास तुला कॉलेजपासून आहे, मग हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही बघ, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं, म्हणून नुसतं हिमोग्लोबिन ठीक आलं की गप्प बसायचं नाही. थायरॉइडही करून घे, माझ्याकडून आला असेल. यातलं काही कमी निघालं तर डॉक्टर गोळी देतील ती बिनघोर घे, त्या गोळीला कारण असेल.

तिसऱ्या बाटलीत बी-जीवनसत्त्वं आहेत, तीही उगाच वर्षानुवर्षं खाऊ नकोस. बी-६ जास्त काळ जास्त प्रमाणात पोटात गेलं तर नसांना इजा होते आणि गंमत नाही हं, त्यातही मुंग्याच येतात. मग कमी पडलं म्हणून की जास्त झालं म्हणून, ते ओळखू येत नाही.

एकदम सगळं बंद केलंस तर दोन-तीन दिवस डोकं दुखेल, कॅफिनचं तसंच असतं. आधी संध्याकाळची गोळी बंद कर, मग एकेक कप कमी कर. ती नऊ नावांची बाटली मात्र आजच टाक. आणि साहेबांना सांग की रात्री नऊनंतर तपासलेलं काम सकाळी पुन्हा तपासूनच पुढे जाईल. त्यांना पटेल की नाही माहीत नाही. मला त्या वेळी हे कुणाला म्हणायचा धीर झाला नव्हता, तू म्हणून बघ.

रक्त द्यायला शनिवारी जा, रिपोर्ट आला की फोटो पाठव. तिसऱ्या बाटलीचं मागचं लेबल ओलं होऊन अर्धं निघालं होतं, बी-६ चा आकडा मला वाचता आला नाही. घरी आणखी एखादी तशीच बाटली असेल तर तिच्या लेबलाचाही फोटो काढ.

तुझी,
आई