खुर्चेर बशिल्ल्याक

साखळी, ६ मे

प्रिय सुहास,

निवृत्त झालो तरी चौकशी अधिकाऱ्याचं काम गळ्यात पडलंच. दाखल्यासाठी कारकुनाने पाचशे रुपये घेतल्याचा आरोप, तक्रारदार सत्तरीतली एक आजी. ती अंथरुणाला खिळलेली. खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी म्हणाला, "प्राथमिक चौकशीतला जबाब तसाच वाचून घ्या, साहेब. खात्याच्या चौकशीला पुरावा कायदा कुठे लागतो?"

तो खोटं बोलत नव्हता. १९७७ चा हरियाणाच्या बस कंडक्टरचा निकाल तुला पाठ असेल. विनातिकीट सापडलेल्या प्रवाशांना साक्षीला आणलं नव्हतं, तरी तपासनिसांचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने चालवून घेतलं. पण आम्ही गोंयकार बेकायदा खाणींची चौकशी करणारा शहा आयोग पाहिलेले. २०१२ च्या सप्टेंबरात अहवाल संसदेत आला आणि तीन दिवसांत खाणी थांबल्या. २०१४ च्या निकालात मात्र कोर्ट म्हणालं, ज्यांना चौकशी आयोग कायद्याच्या कलम ८बी, ८सी प्रमाणे म्हणणं मांडू दिलं नाही, उलटतपासणी करू दिली नाही, त्यांच्यावर या अहवालाच्या जोरावर खटले भरा असं आम्ही सांगू शकत नाही. एवढा मोठा अहवाल, आणि तिथे अडला!

शिवाय जबाबात होतं, "सदर इसमाने मजकडे बेकायदेशीर मोबदल्याची मागणी केली." खाली आजीचा अंगठा. अरे, अशी मराठी तर मी घरी बायकोशीही बोलत नाही!

मग चौकशीच तिच्या घरी नेली. सादरकर्ता, कारकून, त्याचा बचाव सहायक, स्टेनो आणि मी, सगळे एकाच जीपमध्ये. कारकून आणि सादरकर्ता मांडीला मांडी लावून, बोलणं शून्य. अंगणात कुजलेल्या बोंडूंचा वास. जबाबाची नक्कल बचावाला आधीच दिली होती. त्याच्या सहायकाने उलटतपासणी मात्र मऊ केली.

आजी म्हणाली, "हांवें पयशे दिले. खुर्चेर बशिल्ल्याक."

"तो हाच?"

तिने कारकुनाकडे बराच वेळ पाहिलं. "म्हाका दिसना, पुता."

जुना जबाब मी दाखल करून घेतला, पण तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तेवढ्यापुरताच. पैसे दिले, हे धरलं. कोणाला, ते नाही. सादरकर्ता परतीच्या वाटेत होंडा गाव येईपर्यंत फुगून होता.

त्या महिन्याचा हजेरीपट सोमवारी येतोय. त्या खुर्चीवर दोघे आलटूनपालटून बसायचे, असं काल शिपाई चहा ठेवताना सहज बोलून गेला. आता त्यालाही साक्षीला बोलवायला हवं. तेव्हापासून चहा काही आला नाही.

तुझा,
दिगू