मॅडम, तुम्ही 'ठरलं' या शब्दाखाली रेघ मारलीत त्याबद्दल

मॅडम, हे खरंतर समोर बसून सांगायला पाहिजे होतं पण तुमच्यासमोर बसलं की माझं अजून दहावीतल्यासारखं होतं, बोलायचं एक असतं आणि तोंडातून दुसरंच येतं. म्हणून इथं लिहितेय. सगळ्यांनी वाचलं तरी चालेल, वाचावंच.

दिवाळी अंकाला 'आयुष्यातला एक प्रसंग' पाहिजे होता, बाराशे शब्द. मी लगेच २०१९ चा पूर घेतला आणि एका रात्रीत लिहून तुमच्याकडं आणून दिला. कृष्णाकाठची सांगली, १९२९ चा आयर्विन पूल, कोयना धरणातनं सोडलेलं पाणी म्हणजे विसर्ग, अलमट्टी धरणाचा वाद, ब्रह्मनाळला उलटलेली बोट, सगळं सगळं होतं त्यात. तुम्ही शांतपणे पूर्ण वाचलंत आणि एवढंच विचारलंत, "यात तुमचं दुकान कुठाय गं?" दुकान तिसऱ्या पानावर होतं. 'आमच्या टेलरिंगच्या दुकानाचेही मोठे नुकसान झाले.' एक ओळ. ज्या दुकानावर आमचं घर चाललं, माझी फी भरली गेली, त्याला मी एक ओळ दिली होती.

मला वाटलं आता तुम्ही लाल पेन काढणार, तर तुम्ही म्हणालात दोन आठवडे काहीच लिहायचं नाही. आधी दुकानाचा नकाशा काढ. मग मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर काढला, काउंटर, दोन पायमशीन, ओव्हरलॉक, ट्रायलचा पडदा, माळा, आणि मागच्या भिंतीवरची निळी रेघ. ती रेघ काढताना हात थांबला माझा, तुम्ही ते बघितलंत पण काही बोलला नाहीत.

नंतर सांगितलंत की घरी जाऊन सगळं फोनमध्ये बोलून रेकॉर्ड कर, लिहायचं नाही, नुसतं मैत्रिणीला सांगतेयस असं बोल. बावीस मिनिटं झालं ते. परत ऐकलं तर त्यातली निम्मी मिनिटं मी नुसती मापाच्या वहीबद्दल बोलत होते आणि विसर्ग, अलमट्टी एकदाही तोंडात आलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, मग लेख वहीचा आहे, पूर तिच्या मागं राहू दे.

तारखा तपासायला लावल्यात हे पण फार बरं झालं. मी ठामपणे लिहिलं होतं की सामान उचललं तो श्रावणातला शुक्रवार होता. मम्मीला विचारलं तर ती म्हणाली, शुक्रवार कुठला, पंचमी होती, दिंडं उकडत ठेवलेली मी, गॅस बंद करून तशीच आले. कॅलेंडर काढून बघितलं, ५ ऑगस्ट, सोमवार, नागपंचमी. ती अर्धी कच्ची राहिलेली दिंडं माझ्या लेखात कधीच आली नसती.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते पुढचं. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मी लिहिलं होतं, 'मशीन रेघेच्या वर ठेवायच्या असे ठरले.' तुम्ही 'ठरले' खाली पेन्सिलनं रेघ मारलीत आणि विचारलंत, "कुणी ठरवलं?"

मी म्हटलं, असंच, सगळ्यांनी. तुम्ही काहीच बोलला नाहीत, चहा ठेवायला आत गेलात. तुम्ही बाहेर येईपर्यंत मी रडत होते.

मी ठरवलं होतं मॅडम. २००५ ला आयर्विनपाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलेलं, तेव्हा दुकानात जिथवर आलं तिथं पप्पांनी आधी मार्किंगच्या खडूनं आणि मग ऑइलपेंटनं रेघ ओढून ठेवली होती. आमच्या गल्लीत प्रत्येकाकडं अशी काहीतरी खूण होतीच आणि सगळ्यांचा तिच्यावर देवासारखा विश्वास. पप्पा म्हणत होते टेम्पो बोलवून मशीन विश्रामबागला मामाकडं टाकू. मी १९ वर्षांची, बी.कॉम.ला, मी म्हटलं, पप्पा कशाला टेम्पोचे पैसे घालताय, रेघेच्या दीड फूट वर फळ्या टाकूया की. त्यांनी माझं ऐकलं. आणि पाणी ५७ च्या पुढं गेलं. रेघेच्या चार फूट वर, मशीन, शाळांचे शिवून ठेवलेले युनिफॉर्म, वही, सगळं पाण्यात.

ते वाक्य 'मी ठरवलं' असं लिहायला मला एक पूर्ण रविवार लागला. तुम्ही घाई केली नाहीत, 'काही होत नाही गं, तुझी काय चूक' असं पण म्हणाला नाहीत, त्याचे आभार जास्त आहेत. तसं म्हणाला असतात तर मी ते वाक्य परत खोडलं असतं. फक्त एक म्हणालात, छापायला देण्याआधी पप्पांना वाचून दाखव, हे त्यांचं पण आहे.

मी दुकानातच वाचून दाखवलं, ते काज करत बसले होते. मी वाचत वहीच्या जागेपर्यंत आले, की पाणी उतरल्यावर ती विटेसारखी जड झाली होती, मम्मीनं एकेक पान सोडवून पंख्याखाली वाळवलं, पण शाई पसरून छाती, कंबर, बाही सगळे आकडे एकमेकांत गेलेले, फक्त वर लिहिलेली गिऱ्हाइकांची नावं कुठंकुठं वाचता येत होती. पप्पांची सुई थांबली. मग 'मी ठरवलं' वाचलं. ते म्हणाले, "टेम्पोवाल्याला मी फोन केलेला, तो म्हणाला सगळीकडनं फोन येतायत, रात्री बघतो. तुला सांगितलं नव्हतं." एवढी वर्षं ते पण त्यांच्या बाजूनं काहीतरी धरून बसले होते, आणि आम्ही एका घरात राहून कधी बोललो नव्हतो.

ते वाक्य मी लेखात शेवटी घातलंय, तुम्हाला न दाखवता. बाराशेचे तेराशे शब्द झालेत, अंकवाल्यांनी काय कापायचं ते कापू दे, पण ते नाही.

आणि पप्पांचा निरोप, त्या जुन्या वहीत तुमचं पण पान होतं, नाव वाचता येतंय पण माप गेलंय, त्यामुळं ब्लाउजपीस घेऊन या, दिवाळीच्या आधी परत माप घ्यायचंय. रविवारी दुकान दुपारपर्यंत उघडं असतं.

तुमची,
टेलरची मुलगी, दुसरा बाक