कोस्त्याला सात वर्षं कोणी जगवलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रशियातल्या तोल्यात्ती शहरातल्या कोस्त्या नावाच्या कुत्र्याच्या पुतळ्यावरचा लेख काल वाचला. लेखकाने मनापासून लिहिलंय, याबद्दल शंका नाही. पण शेवटी 'अशी निष्ठा माणसांत उरली नाही' असा जो शेरा मारलाय, तो वाचून मला फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

अहो, मालकांना अपघात झाल्यावर कोस्त्या १९९५ पासून २००२ पर्यंत रस्त्याच्या कडेला वाट बघत राहिला. व्होल्गाकाठचा हिवाळा म्हणजे महिनोन्‌महिने बर्फ. नुसत्या निष्ठेवर जनावर तिथे सात वर्षं तग धरेल का? गावातली माणसं त्याला खायला आणून देत होती. कोणी घरी नेऊन ठेवलं तर तो पुन्हा रस्त्यावर यायचा, मग त्यांनी हट्ट सोडला आणि तो होता तिथेच त्याला सांभाळला. त्याच गावाने १ जून २००३ ला त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला. तुमच्या लेखात या माणसांसाठी एक ओळसुद्धा नाही.

जपानच्या हाचिको कुत्र्याचीही अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याचे मालक प्राध्यापक उएनो मे १९२५ मध्ये वारले. त्यानंतर कित्येक वर्षं शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघणाऱ्या हाचिकोला लोक हुसकायचे, मारायचे. १९३२ साली सायतो नावाच्या कुत्र्यांच्या अभ्यासकाने लिहिलेली त्याची हकिगत 'असाही शिंबुन'मध्ये छापून आली आणि तेच लोक त्याला खाऊ घालायला लागले. १९३४ मध्ये पुतळा बसला, तेव्हा हाचिको स्वतः तिथे हजर होता. एका वर्तमानपत्रातल्या मजकुराने जिवंत कुत्र्याचे दिवस पालटले, ही गोष्ट तर संपादकांनी आवर्जून सांगायला हवी. (आणि इतक्या लांब जाताना साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, तीही कोणाला आठवू नये?)

हे इतकं लागलं त्याला कारण आमच्या गल्लीतला कुत्रा, भुऱ्या. रामबागेत आमच्या शेजारचे आजोबा पहाटे फिरायला निघाले की हा बरोबर. आजोबा गेले, मुलाने घराला कुलूप लावलं आणि तो पुण्याला परतला. भुऱ्या फाटकासमोर बसून राहिला. दुसऱ्या गल्लीत नेऊन पाहिलं, तासाभरात परत. मग आम्ही शेजारणींनी त्याची दूध-पोळी तिथेच सुरू केली. इंदुरात दारोदार कचऱ्याची गाडी येते, उकिरडे उरलेले नाहीत, याचा मला इंदूरकर म्हणून अभिमान आहे. पण त्यामुळे गल्लीतल्या मुक्या जनावराला जे मिळतं ते आपल्याच हातून मिळतं, हेही लक्षात घ्यावं लागतं.

रात्री भुंकतो म्हणून कोणीतरी तक्रार केली. एका दुपारी कुत्री पकडणारी गाडी आली, जाळं टाकलं आणि भुऱ्याला घेऊन गेले. 'नसबंदी करून आणून सोडू' म्हणाले. त्याच्या कानाला खूण होती! म्हणजे नसबंदी आधीच झालेली. मी कान दाखवत होते, माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. नंतर चौकशीला गेले तर 'सोडला असेल कुठेतरी' एवढंच उत्तर मिळालं. भुऱ्या परत आला नाही. त्याच्यासाठी मला पुतळा नको होता, फक्त ते फाटक हवं होतं.

केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर कुत्र्याला जिथून उचललं तिथेच सोडायचं. यात माणसांचंही हित आहे. अनोळखी गल्लीत टाकलेलं कुत्रं घाबरतं, तिथली कुत्री त्याच्यावर तुटून पडतात आणि घाबरलेलं जनावर चावतं. तुमच्या शहराच्या पानावर 'भटक्या कुत्र्यांचा उच्छाद' हा मथळा नेहमी असतो. मुलांना कुत्री चावतात, त्या बातम्या आल्याच पाहिजेत. पण नेलेली कुत्री कुठे सोडली, लस टोचली का, हे तुमच्या बातमीदाराने कधी विचारल्याचं मला आठवत नाही. ते विचारावं आणि नियम ठळक अक्षरांत छापावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो तोल्यात्तीचा नाही. डावा कान खाली पडलेला तो पुतळा शिबुयाच्या हाचिकोचा आहे. कोस्त्या जर्मन शेफर्ड होता. मागेही एका मंदिराच्या बातमीला दुसऱ्याच मंदिराचा फोटो लागला होता, तेव्हा कळवूनही दुरुस्ती आली नाही. या वेळी ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक
रामबाग, इंदूर