बारावी टेस्टर

चि. मुक्ता हिला आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मध्येच "आई, नंतर" म्हणतेस आणि मीही सांगायचे ते सोडून तू झोपलीस का एवढेच विचारत राहते, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. यात तुझ्या झोपेचा विषय काढायचा नाही, असे आधीच ठरवले आहे.

आधी कबुली देते. गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या तुझ्या ॲपच्या टेस्टरांची, म्हणजे ते आधी वापरून पाहणाऱ्यांची, संख्या चाचणीच्या नवव्या दिवशी बारावरून अकरावर आली ती सोहममुळे नव्हे, माझ्यामुळे. नवी आवृत्ती आली का हे पाहण्यासाठी तू पाठवलेली लिंक मी पुन्हा उघडली, त्या पानावर चाचणी सोडण्याचे बटण होते आणि ते माझ्याकडून दाबले गेले. ॲप फोनवर तसेच राहिले, बाबांच्या गोळ्यांच्या वेळी वाजतही राहिले, त्यामुळे काही बिघडल्याचे मला कळलेच नाही. मग तू गूगल प्लेच्या कन्सोलमध्ये आकडा पाहिलास, एकेकाला फोन केलास, आणि सोहमला जे बोललीस ते मी त्याच्या शेजारी बसून ऐकले, कारण त्याचा फोन स्पीकरवर होता. मी गप्प राहिले. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगल प्लेवर ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे निवडक माणसांकडून चाचणी, करावे लागते, पूर्वी त्यासाठी वीस माणसे लागत, डिसेंबर २०२४ पासून बारा पुरतात, पण ती सलग चौदा दिवस टिकायला हवीत, हे तू आम्हाला दोनदा समजावून सांगितले होतेस. त्यामुळे मला माहीत नव्हते, असेही म्हणता येत नाही.

चुकून दाबले, असे मी स्वतःला सांगते. पण सारे आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेले असल्यामुळे हेही ठाऊक आहे की हात कधी कधी मनातले ऐकतो. ते ॲप प्रकाशित होऊ नये असे मला वाटत होते का? क्षणभर वाटले असेल. प्रकाशित झाले की आणखी माणसे येणार, त्यांच्या आणखी तक्रारी येणार, आणि त्या सगळ्यांपुढे तू एकटी. सोहमला मी परवा खरे सांगितले. तो हसला. तू मात्र त्याला एकदा फोन कर.

ही भीती कोठून आली हे तुला ठाऊक आहे. आत्याच्या आयफोनवर तुझे ॲप सोळा दिवस नीट वाजले आणि सतराव्या दिवशी एकदम मुके झाले. तू तीन रात्री त्याच्या मागे होतीस. शेवटी कारण सापडले ते इतके साधे, की तू फोनवर हसलीस आणि मग रडलीस: आयफोन एका ॲपच्या पुढच्या चौसष्टच नोटिफिकेशन जवळ ठेवतो, त्यापलीकडच्या टाकून देतो. आत्याच्या दिवसातून चार वेळा गोळ्या, चार गुणिले सोळा म्हणजे चौसष्ट. आत्या ॲप उघडत नव्हती, म्हणून पुढच्या आठवणी नव्याने लावल्याच गेल्या नाहीत. तुझ्या स्वतःच्या फोनवर हे कधी दिसले नाही, कारण तू दिवसातून पन्नास वेळा ॲप उघडतेस. आत्याने फोन तरी केला. ज्या अनोळखी गृहस्थाने ॲपलच्या स्टोअरवर एक स्टार देऊन "दोन आठवड्यांनी बंद पडते, विश्वास ठेवू नका" असे लिहिले, त्यांच्याकडे त्या दिवशी कोणाची गोळी चुकली असेल, हा विचार तुझ्या मनातून जात नाही. माझ्याही जात नाही. आणि त्या रात्री तुझ्याबरोबर जागे असणारे कोणी नव्हते, हा विचार त्याहून जात नाही.

आमच्या छपाईच्या धंद्यात मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासायला दोघे बसत. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचे, दुसरा मुद्रितावर बोट ठेवून ऐके, स्वल्पविरामसुद्धा उच्चारून सांगितला जाई. आपण जे लिहिले आहे असे आपल्याला वाटते तेच डोळा वाचतो, कागदावर काय आहे ते वाचत नाही, म्हणून ही रीत. तुला आठवत नसेल, पण तू चार वर्षांची असताना पाळणाघर बंद असले की माझ्या टेबलाखाली कागदांच्या गठ्ठ्यावर झोपायचीस आणि जागी झाल्यावर "पूर्णविराम" असे ओरडायचीस. त्या काळातच एका रात्री माझी वाचक आली नव्हती आणि रुग्णांना वाटायच्या एका छोट्या पुस्तिकेचा फॉर्म, म्हणजे एका कागदावर एकत्र छापायची पाने, सकाळी छपाईला जायचा होता. मी एकटीने वाचला. ०.५ मधला शून्य आणि त्यापुढचे टिंब दोन्ही उडाले होते आणि औषधाची मात्रा नुसती ५ राहिली होती. मी त्यावरून बोट फिरवले, मला ०.५ दिसले आणि मी सही केली. यंत्रावर कागद चढवणाऱ्याच्या घरी तेच औषध चालू होते म्हणून त्याने हटकले. नाहीतर ती पुस्तिका गेली असती. छापलेले सगळे कागद रद्दीत गेले आणि मला कोणी एक शब्द बोलले नाही, त्याचे अधिक वाईट वाटले. हे मी तुझ्या बाबांनाही पुष्कळ वर्षांनी सांगितले.

तेव्हा मी "कोणाला तरी बरोबर घे" म्हणते ते तुझ्या बुद्धीवर अविश्वास म्हणून नव्हे. तू तर माझ्याहून दक्ष आहेस. अँड्रॉइडवर काय काय अडते हे तू मला सांगितलेस तेव्हा मी थक्क झाले: २०१५ च्या आवृत्तीपासून पडून असलेला फोन पार्श्वभूमीतली कामे रोखून धरतो, बाराव्या आवृत्तीपासून ठरल्या मिनिटाला गजर वाजवायला वेगळी परवानगी लागते, तेराव्यापासून नोटिफिकेशन दाखवायलाही वापरणाऱ्याची संमती घ्यावी लागते, आणि याउपर काही फोन बनवणारे बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली ॲप परस्पर बंद करतात. म्हणजे तू लिहिलेले सगळे बिनचूक असले तरी गजर वाजणार नाही आणि स्टार तुझाच कापला जाईल. छापलेले पुस्तक निदान वाचकाच्या कपाटात जाऊन स्वतःचा मजकूर बदलत नाही. तुझे पुस्तक प्रत्येक घरात वेगळ्या कागदावर छापले जाते आणि तो कागद दरवर्षी बदलतो. २०१७ मध्ये आयफोनच्या अकराव्या आवृत्तीने ३२ बिटची जुनी ॲप चालवणे थांबवले, तेव्हा ज्यांच्या कर्त्यांनी ती पुन्हा घडवली नाहीत अशी किती छोटी ॲप एका अपडेटने मुकी झाली असतील. त्यांतल्या काहींचा कर्ता आजारी असेल, काहींचा दुसऱ्या नोकरीत. मला अशा गोष्टी वाचून झोप लागत नाही. बघ, शेवटी झोपेचा शब्द आलाच.

यश आले तरी हेच, अशी माझी समजूत आहे. व्हिएतनामच्या डोंग गुयेन यांनी एकट्याने केलेला फ्लॅपी बर्ड हा खेळ मे २०१३ मध्ये आला, काही महिने कोणी विचारले नाही, २०१४ च्या सुरुवातीला जगभर पसरला आणि त्याच फेब्रुवारीत त्यांनी तो स्वतःच स्टोअरमधून काढून घेतला, कारण हे आपल्याला सहन होत नाही असे त्यांना वाटले. जाहिरातींतून दिवसाला हजारो डॉलर येत असल्याच्या बातम्या होत्या. सोहम म्हणतो, "आई, तायडीच्या ॲपला एवढे यश येण्याची भीती तू सध्या बाळगू नकोस." तो विनोद करतो, पण मी त्या माणसाच्या जागी तुला बसवून पाहिले.

पैशाबद्दल मी काही बोलणार नाही, असे बाबांना वचन दिले आहे. फक्त एवढेच विचारते, की दोन्हीकडे कमी कमिशनच्या सवलतीत तुझे नाव नोंदलेले आहे ना? वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांकडून ॲपल आणि गूगल २०२१ पासून तीसऐवजी पंधरा टक्के घेऊ लागले, पण त्यासाठी आपण होऊन नाव नोंदवावे लागते, असे मी वाचले. दहा लाख डॉलरचा आकडा वाचून मीच हसले.

आता चार कामाच्या गोष्टी. ॲप तुझेच आहे हे पटवणारी तुझी साइन करायची डिजिटल किल्ली हरवली तर काय, असे मी विचारले तेव्हा तू म्हणालीस की नव्या ॲपची मुख्य किल्ली गूगलकडेच असते आणि आपली अपलोडची किल्ली हरवली तर बदलून मिळते. मान्य. पण ती बदलून मागायला खाते उघडता यायला हवे, आणि खात्याच्या दोन पायऱ्यांच्या पडताळणीचा कोड येतो तुझ्या एकाच फोनवर. तो फोन पडला, तू तापाने पडलीस, तर? ॲपलचे नव्व्याण्णव डॉलरचे वार्षिक सदस्यत्व नूतन करायचे राहिले तर ॲप स्टोअरमधून उतरते. गूगलची पंचवीस डॉलरची नोंदणी एकदाच असते खरी, पण तेथेही दरवर्षी ॲप नव्या आवृत्तीशी जुळवले नाही तर नव्या फोनवरच्या नव्या माणसांना ते दिसेनासे होते. म्हणून पर्यायी कोड एका कागदावर लिहून ठेव, नूतनीकरणाची तारीख सोहमच्याही कॅलेंडरात घाल, सोर्स कोडची प्रत दुसरीकडे ठेव, प्रत्येक आवृत्ती प्रकाशित करण्याआधी एक रात्र मध्ये जाऊ दे, शुक्रवारी संध्याकाळी काही प्रकाशित करू नकोस, अपडेट एकदम सर्वांना न देता आधी थोड्या टक्के लोकांना दे, तक्रारीला उत्तर लिहिण्याआधी पाणी पी आणि

असो. हे व्याख्यान झाले. यातले निम्मे मी तुझ्याकडूनच ऐकलेले आहे आणि तुलाच परत सांगते आहे. क्षमा कर. तू नोकरी सोडलीस त्याला आठ महिने झाले आणि इतक्या दिवसांत मी तुला एकदाही म्हटले नाही की ते ॲप चांगले आहे. ते चांगले आहे. पूर्वी बाबा गोळी घेतली की नाही यावरून माझ्याशी वाद घालत. आता ते निमूटपणे पडद्यावरची हिरवी खूण दाखवतात. अक्षर मोठे आहे, बटण एकच आहे, जाहिरात नाही, खाते उघडायला लागत नाही, आणि कोण कोणती गोळी घेते ही माहिती फोनबाहेर जात नाही, हे तू ज्या हट्टाने राखलेस त्याचा मला अभिमान वाटतो. एक स्टार देणाऱ्या त्या गृहस्थांना तू लिहिलेले उत्तर मी वाचले. "चूक माझी होती, दुरुस्त केली आहे, कारण असे होते." तीन वाक्ये, कुठेही सबब नाही. मला त्या वयात ते जमले नव्हते.

परवा मी पुन्हा त्या पानावर जाऊन चाचणीत सामील झाले. सोहमने शेजारी बसून पाहिले, आता त्या लिंकला मी हात लावायचा नाही असे ठरले आहे. आज चौदापैकी तिसरा दिवस. बाराव्या टेस्टरला काढून तेरावा घ्यायचा असेल तरी मला राग येणार नाही. खरे तर तू पंधरा-सोळा माणसे घ्यावीस, एकावर अडून राहू नये. आणि जमले तर एखादी मैत्रीण, जिला कोड कळतो, तिला आठवड्यातून एकदा तुझ्या शेजारी बसव. तू मोठ्याने वाच, तिला बोट ठेवू दे.

तुझी,
आई

ता. क. सेटिंगमध्ये तिसऱ्या ओळीत "पुढिल गोळी" असे पडले आहे. "पुढील"मधला ढी दीर्घ हवा. हे मी पहिल्याच दिवशी पाहिले होते, पण तू फार थकलेली वाटलीस म्हणून बोलले नाही.