रांगेतले तीनशे जण कुठे गेले?

मा. संपादक, स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत महासैनिक घडवणाऱ्या काल्पनिक प्रकल्पांवरचा लेख वाचला. कॅप्टन अमेरिका या अमेरिकी कॉमिक्समधल्या नायकाची जन्मकथा लेखकाने छान रंगवली आहे. भरतीत नापास झालेला किडकिडीत स्टीव्ह रॉजर्स, एक औषध, आणि बघता बघता पहिलवान! शेवटी 'असा जवान आपल्याकडे कधी?' असा प्रश्नही टाकला आहे. मी सैन्याच्या मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. म्हणजे सुई माझ्या हातात असायची. म्हणून हे पत्र.

नवे रिक्रूट आले की लसी टोचायची रांग लागायची. बाही वर, दंड पुढे, पुढचा या. रात्री निम्म्या बराकीला ताप भरायचा. पण 'यात काय आहे?' असं एकाही पोरानं मला कधी विचारलं नाही. लस त्यांच्या भल्याचीच होती, म्हणून निभावलं.

स्टीव्ह रॉजर्सची गोष्ट मार्च 1941 च्या कॉमिकच्या अंकात आली. मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावतोय, आणि अमेरिका तर तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. त्याचे निर्माते जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या त्या धाडसाला सलामच. पण त्यांनी एक सोयीची गोष्ट केली. पहिल्याच प्रयोगानंतर औषध बनवणाऱ्या शास्त्रज्ञाला गुप्तहेराच्या गोळीनं मारून टाकलं. सूत्र त्याच्यासोबत गेलं, त्यामुळे दुसऱ्या माणसाचा प्रश्नच उरला नाही.

तो प्रश्न कॅप्टन अमेरिका छापणाऱ्या मार्व्हल या प्रकाशनाच्याच 2003 मधल्या सात अंकी कॉमिक मालिकेनं विचारला, आणि आपल्या लेखात नेमकी तीच राहून गेली. त्यात हरवलेलं सूत्र पुन्हा जुळवण्यासाठी लष्कर तीनशे काळ्या सैनिकांवर प्रयोग करतं. बहुतेक मरतात. वाचतो तो आयझाया ब्रॅडली. त्याच्या वाट्याला पदक नाही, तुरुंग येतो. ही कल्पना हवेतून आलेली नाही. अलाबामातल्या टस्कीगी इथं 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्यानं सुमारे चारशे सिफिलिसग्रस्त काळ्या पुरुषांना उपचाराविना नुसतं निरखत ठेवलं. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही.

आणि हे फार लांबचं वाटत असेल, तर रावळपिंडी घ्या. 1930 च्या दशकापासून दहा वर्षांहून अधिक काळ ब्रिटिशांच्या पोर्टन डाऊन या रासायनिक अस्त्रांवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथं शेकडो हिंदी शिपायांवर मस्टर्ड गॅसच्या चाचण्या घेतल्या. हाफ पँट आणि सुती शर्टावर त्यांना गॅस चेंबरमध्ये पाठवलं जायचं. का? तर आपल्या कातडीवर गोऱ्यांपेक्षा कमी-जास्त फोड येतात का, ते पाहायला. ही कागदपत्रं 2007 मध्ये बातम्यांत आली. शिपाई 'नाही' म्हणू शकत होता का, हे वर्दी घातलेल्या कुणालाही विचारा.

गोळ्या देऊन सैनिक 'वाढवणं' तर केव्हाच झालं आहे. 1940 च्या एप्रिल ते जुलैदरम्यान जर्मन सैन्याला आणि हवाई दलाला मेथॅम्फेटामिनच्या साडेतीन कोटी गोळ्या पुरवल्या गेल्या. झोप उडायची हे खरं. नंतर माणूस गळून पडायचा, तेही खरं.

फ्रान्सच्या संरक्षण खात्यानं नेमलेल्या नीतिविषयक समितीनं डिसेंबर 2020 मध्ये सैनिकाच्या शरीरात बदल करण्याच्या संशोधनाला वाट मोकळी केली, पण मर्यादा घालून. सैनिकाला पुन्हा नागरी आयुष्यात परतता येणार नाही, असा बदल करायचा नाही, ही त्यातली एक. लेखकानं एवढं एक कलम जरी लेखात घेतलं असतं, तरी मी पत्र लिहायला बसलो नसतो. मी परत आलो, आणि आता आल्याचं पीक घेतो. यंदा भाव बरा मिळाला तर विहिरीवर नवी मोटर बसवायची आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार, कोरेगाव, जि. सातारा