रताळ्यांचा टेम्पो

टिळकवाडी, बेळगाव
सोमवार, रात्री

प्रिय बाळ्या,

दिवाळीनंतर लिहितो म्हणालो होतो. कुठली दिवाळी ते बोललो नव्हतो, तेव्हा शिव्या आवर. फोनवर सांगता आलं असतं, पण इथे घरात सगळ्यांचे कान माझ्याकडे, आणि तू लेका स्पीकर लावून बोलतोस. तब्येत बरी. गुडघा तसाच, साखर आटोक्यात. झालं.

काल नानांच्या माडीवर बैठक होती. विषय कणकुंबी.

हो, तेच. पाटीवर अजून आपलीच नावं आहेत, सुभ्यानं रंगवलेली, तुझ्या आडनावातली वेलांटी चुकलेली. बेळगाव ते कणकुंबी, जाऊन-येऊन, पायी, १९८९, १७ तास ४० मिनिटं. आता हलशीचा एक पोरगा आलाय. चोवीस वर्षांचा, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. गेल्या शनिवारी त्यानं तेच अंतर १४ तास २५ मिनिटांत मारलं म्हणतो. माउलीच्या देवळासमोर फोटो आहे, मनगटावरच्या घड्याळाची अख्खी फाइल आहे. पण परतताना जांबोटीच्या अलीकडे झाडीत पंचवीस मिनिटं उपग्रहाचा पत्ता नाही, नकाशावर टेकडीच्या डोक्यावरून सरळ रेघ. ‘तिथं बाइकवर बसला असणार,’ सुभ्या म्हणाला. जो माणूस शहापूरला भाजी आणायला स्कूटरशिवाय गेला नाही, तो!

निवाडा करायला मी. का, तर अमेरिकेतल्या अॅपलेशियन ट्रेलचे विक्रम मला पाठ. जॉर्जिया ते मेन, साडेतीन हजार किलोमीटर. २०११ साली जेनिफर फार डेव्हिसनं ४६ दिवस ११ तासांत पुरा केला, २०२४ ला टारा डावरनं ४० दिवस १८ तासांत. म्हणजे रोज ऐंशीच्या वर, चाळीस दिवस. आपण एका दिवसाच्या शंभरावर पस्तीस वर्षं मिशा पिळतोय. तिथंही संशय घेतातच, म्हणून निघण्याआधी जाहीर करायचं, ट्रॅकर चालू ठेवायचा, आणि मदतीची जात सांगायची. साथीदार गाडी घेऊन वाटेत भेटत असतील तर एक जात. वाटेतल्या दुकानातून स्वतः घेत गेलास तर दुसरी. निघताना पाठीवर घेतलं तेवढ्यावरच भागवलंस तर तिसरी. रताळ्यांची जात त्यांच्यात नाही.

मी फाइल सुनेच्या लॅपटॉपवर उघडून दोन रात्री बसलो. उपग्रह हरवला तरी मनगटाखालचा हिरवा दिवा नाडी मोजत राहतो, आणि हात हलतो त्यावरून पावलंही. त्या पंचवीस मिनिटांत नाडी १४० च्या खाली आलेली नाही, पावलं मिनिटाला दीडशे. बाइकवर बसलेल्याची अशी नाडी असते का? (सुभ्या चालवत असेल तर असेल.) शिवाय वळणं कापून सरळ रेघ पडल्यामुळे पोराचं अंतर उलट कमीच भरलंय. पोरगा चाललाय, बाळ्या. तुझी शपथ, चाललाय.

हे सगळं मी सांगितलं. सगळे गप्प. मग नाना काय म्हणावेत? ‘यंत्रं-बिंत्रं ठेव बाजूला. ह्या दोघांकडे काय होतं? एक एचएमटी आणि एक वही. तरी कुणी विचारलं? शब्दावर चाललं.’

कुणी विचारलंच नाही, हेच तर. किणयेला उतरताना तू म्हणाला होतास, नानांना सांगून टाकू. मी म्हणालो, विचारलं तर सांगू. पुढे त्यावरून तू सहा महिने माझ्याशी बोलला नाहीस, पण सत्काराचा नारळ घरी नेऊन त्याची चटणी खाल्लीस, तेही लक्षात आहे माझ्या. पिअरीचं तुला सांगितलं होतं ना? १९०९, उत्तर ध्रुव. आपण नेमके कुठं आहोत हे मोजता येणारा एकच जोडीदार उरला होता, बार्टलेट. त्याला परत पाठवला आणि त्यानंतर पिअरीची रोजची मजल दुपटीवर गेली. आपण त्याच्याहून हुशार, मोजणारा मुळात नेलाच नव्हता.

आणि पुण्याच्या त्या पोलीस दांपत्याचं २०१६ चं एव्हरेस्ट? दुसऱ्याच्या फोटोत स्वतःला चिकटवलेलं? नेपाळनं दहा वर्षं बंदी घातली, नोकऱ्या गेल्या. तेव्हा मी ग्रुपवर सचोटीवर चार परिच्छेद लिहिले होते. तू मला खाजगीत नुसतं रताळ्याचं चित्र पाठवलंस. ग्रुपवर टाकलं नाहीस, हे उपकार.

परवापासून तो टेम्पो डोळ्यांपुढून हलत नाही. नवरात्र तोंडावर, पाऊस कोसळतोय, कुसमळीच्या पुलाजवळ तू कॅनव्हासचा बूट काढलास तर मोजा टाचेला चिकटून लाल. ड्रायव्हरनं काही न विचारता मागची ताडपत्री वर केली. पोत्यांना ओल्या तांबड्या मातीचा वास. तू एक रताळं पँटला पुसून कच्चंच खाल्लंस आणि मला अर्धं दिलंस. अर्धं कसलं, शेपूट.

आता खरं ऐक, ज्यासाठी कागद घेतला. बैठक संपल्यावर पोरगा जिन्यात थांबला होता. नानांकडून त्यानं आपल्या वहीची झेरॉक्स घेतलीय, तुझ्या अक्षरातल्या सगळ्या वेळा. गेलं वर्षभर टप्प्याटप्प्यानं आपल्याशी स्पर्धा लावून सराव करत होता. म्हणाला, ‘काका, बाकी सगळीकडे तुम्हांस्नी मागं टाकलं, पण कुसमळी ते पिरनवाडी तेवढं जमंना. तुमचा एक तास पन्नास मिनिटं. शनिवारी जीव तोडून पळालो, नावग्याजवळ उलटी झाली, तरी नाही. तिथं काय खाल्लं होतं तुम्ही?’

तोंडातून निघून गेलं, ‘रताळी.’

त्यानं मोबाइल काढून लिहून घेतलं.

येत्या रविवारी पाटी रंगवायची आहे. त्याचं नाव वर, आपली खाली ‘पूर्वीचा विक्रम’ म्हणून, आणि आपल्या दोघांबरोबर त्याला फोटो हवाय. मी एकट्यानं बोललो तर तुझंही नाव जातं, म्हणून विचारतोय. बुधवारपर्यंत कळव.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? पिंकीच्या नव्या नोकरीचं कळलं, छान. तुझ्या रिटायरमेंटला यायला जमलं नाही, रागावू नकोस. कुंदा पाठवलाय, सगळा एकटा खाऊ नकोस.

तुझा,
शऱ्या

ता. क. स्कूटर काढून मोजून आलो. कुसमळी ते किणये मीटरवर दिसलं ते तुझ्या सहा किलोमीटरपेक्षा माझ्या बाराला जवळ आहे. आणि आपण उतरलो ते किणयेलाच, नावग्याच्या फाट्यावर नव्हे. तिथलं पिंपळाचं झाड अजून आहे.